निळ्या झाकणाची पूड

बाटलीमामांशी पहिल्यांदा बोलणारा माणूस बोलता बोलता हळूच त्यांच्या तोंडाचा वास घेई. दोष त्याचा नव्हता, नावाचा होता. मामांनी चहाहून कडक असं आयुष्यात काही घेतलं नव्हतं, आणि चहाही असा घेत की बघणाऱ्याने त्याला दूध समजावं. त्यांच्या बाटल्या वेगळ्याच होत्या. तपकिरी काचेच्या, अंगठ्याहून जराशा लठ्ठ, घट्ट झाकणाच्या, पत्र्याच्या पेटीत स्पंजच्या खाचांमध्ये ओळीने झोपवलेल्या बत्तीस जणी. शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्रात मामा अठ्ठावीस वर्षं नळांचे नमुने गोळा करत होते. आधी सायकलवरून, मग स्कूटरवरून. पेटी दोन्ही काळात मांडीशी.

नमुना घेण्याचा त्यांचा सोहळा बघण्यासारखा असे. नळ सोडायचा आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं. त्या पाच मिनिटांत घरमालकाने काही विचारलं तर मामा बोट वर करत, म्हणजे थांबा. मग डबीतून कान कोरायच्या चमच्याएवढ्या चमच्याने चिमूटभर पांढरी पूड बाटलीत घालायची. मग बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावायचं, उलटी करायची आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचं. आत मोहरीएवढा जरी बुडबुडा दिसला तरी नमुना मोरीत. पुन्हा पाच मिनिटं.

"घरीही असंच," त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची. "पाण्याचा पेला दिला की आधी दिव्याकडे धरून बघतात. मला बघायला आले होते तेव्हाही खिडकीपाशी उभं राहायला सांगितलं होतं. नशीब, उलटं केलं नाही."

मामा यावर हसत. बुडबुडा नव्हता म्हणून तर केली, असं म्हणत.

आता या बाटल्यांत ते शोधत काय होते, ते सांगायला हवं. पाण्यात क्लोरीन घालतात जंतू मारायला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण क्लोरीन हा फार उत्साही गडी. जंतू संपले तरी त्याला हात आवरता येत नाही. तलावातून आलेल्या पाण्यात शेवाळाचा, कुजक्या पानांचा, मातीचा जो काही अंश उरलेला असतो त्याला तो जाऊन चिकटतो, आणि त्यातून भलतेच पदार्थ जन्माला येतात. अहवालात त्यांना वीतवीतभर नावं होती. मामा त्यांना सरसकट पिल्लं म्हणत. पिल्लांची घराणी दोन. थोरलं घराणं दणकट, एकदा पाण्यात आलं की आठवडाभर हलायचं नाव नाही. धाकटं नायट्रिलांचं, मुख्यतः शेवाळाच्या वाटेने येणारं, तोळामासा प्रकृतीचं. पाणी जरा अल्कधर्मी असलं की काही दिवसांत आपोआप मोडायचं, पण असेल तोवर थोरल्यांहून जहाल. दोघांनाही नियमाने मर्यादा घालून दिलेली होती.

आणि पूड अशासाठी, की नमुना बाटलीत भरला तरी क्लोरीन तिथेही काम चालूच ठेवतं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाटेत आणखी पिल्लं. म्हणून आधी पूड घालून क्लोरीनला जागच्या जागी गप्प करायचं. मग नळाला जेवढं होतं तेवढंच, कमी नाही की जास्त नाही, मशीनपुढे जातं.

"माझी बाटली म्हणजे साक्षीदार," मामा म्हणत. "नळापाशी बघितलं ते तिथे जाऊन सांगणार."

गेली सहा वर्षं त्यांची साक्ष फार सुरेख येत होती. थोरलं घराणं मर्यादेच्या आत आणि धाकट्याच्या रकान्यात बत्तीसच्या बत्तीस वेळा 'आढळले नाही'. मामा वर्षाचा अहवाल घरी बायकोला वाचून दाखवत, मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. वर नमुना घेणाऱ्याची सही म्हणून त्यांची सही असे, आणि खाली प्रयोगशाळाप्रमुखाची. खालची सही साडूभाऊंची.

हे साडूभाऊ म्हणजे मामांनी स्वतः पारखून आणलेला माल. वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत एक लाजराबुजरा रसायनवाला नवीन लागला होता. जेवणाच्या डब्याचं झाकणही वजनकाट्यावर मोजेल असा. मामांनी त्याला सहा महिने न्याहाळला, उजेडाकडे धरला म्हणा, आणि मग आपल्या धाकट्या मेहुणीसाठी ते स्थळ घरात घातलं. "असा प्रामाणिक पोरगा शोधून सापडायचा नाही," असं सासऱ्यांना सांगणारे मामाच. पुढे तो चढत चढत प्रमुख झाला. केंद्राच्या फाटकाच्या आत मामा त्याला 'साहेब' म्हणत आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'साडूभाऊ'. त्याच्याकडून दोन्हीकडे 'दादा'. फाटकाच्या दगडी उंबरठ्यावरच दोघं बोलत उभे राहिले तर मात्र मामांची पंचाईत होई, आणि ते 'अहो' वर भागवत.

शहराचा पाइप जिथे संपतो तिथे शेवटची गल्ली. पाणी केंद्रातून निघून तिथे पोचेपर्यंत दोन दिवस जुनं झालेलं. त्या गल्लीत एक शिवणवाली बाई राहायची, पुढच्या खोलीत तीन मशीन, मागच्या खोलीत संसार. तिला पाण्याला वास यायचा. तिने अर्जावर अर्ज केले, गल्लीतल्या चाळीस जणांच्या सह्या घेतल्या, आणि तोवर प्यायचं पाणी ती दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेच्या विहिरीवरून निळ्या कॅनमधून सायकलवर आणायची. तीन वर्षांपूर्वी केंद्राने गल्लीत सभा घेतली. साहेब आकडे वाचत होते आणि कुणाचं लक्ष नव्हतं. तेव्हा मामा उठले, बाईंच्या मोरीत गेले, पेलाभर पाणी घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले.

"बाई, या नळाचा नमुना मी स्वतः घेतो. माझ्या हाताने. यात धाकट्या घराण्याचं एक पिल्लू नाही. हा माझा शब्द."

गल्ली हसली. कोण धाकटं घराणं, कुणाला कळलं नाही, पण माणूस कळला. बाईने त्या दिवसापासून विहिरीची खेप बंद केली. कॅनचं तोंड कापून त्यात माती भरली आणि जाईचा वेल लावला. दर मंगळवारी मामा नमुन्याला गेले की ती म्हणायची, "बघा, तुमच्या शब्दाला कळ्या आल्यात."

घात झाला तो त्याच दारात. एका मंगळवारी पायरीवर मामांचा पाय घसरला. पेटी त्यांनी पोटाशी धरून वाचवली, स्वतः गुडघ्यावर आपटले, पण निळ्या झाकणाची पुडीची डबी हातून सुटली आणि सगळी पूड गटारात. हा नळ धरून अजून बारा बाकी. दुसरा कुणी असता तर परत गेला असता. पण मामा कुठलीही वस्तू टाकून देणाऱ्यातले नव्हते. पेटीच्या झाकणातल्या कप्प्यात तुटकी पेन्सिल, दोन वायसर, एका जुन्या साहेबांचं लग्नाचं कार्ड आणि सहा वर्षांपूर्वीची लाल झाकणाची डबी होती. तळाशी बोटभर पूड. जुनी पूड अशीच मिळायची. मग साहेबांनी एक दिवस निळी डबी दिली होती. "दादा, आता ही वापरा. ही गोळा होत नाही." साहेबांनी दिली म्हणजे विचारायचं काय?

मामांनी लाल डबीतली पूड जिभेच्या टोकाला लावून बघितली. आंबट. हीच ती. नियमाने चाखायला बंदी होती, पण अठ्ठावीस वर्षांत मामांनी मोडलेला एवढा एकच नियम. त्या दिवशीचे बारा नमुने आंबट पुडीवर गेले.

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत मशीनवर बसणाऱ्या ताईचा निरोप आला. ही ताई दोनच महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली, मामांच्या मुलीच्या वयाची, पण मशीनवर बसते म्हणून मामा तिला ताई म्हणत.

"मामा, काल शेवटच्या गल्लीत काय केलंत?"

"पडलो."

"ते नाही. हे बघा." पडद्यावर नेहमी जिथे सपाट रेघ असायची तिथे चार सुळके उभे होते. "नायट्रिलं. मर्यादेच्या अडीचपट. आणि एकाच नळाला नाही, शेवटच्या बाराही नळांना. आधीच्या वीस नळांना नेहमीसारखं शून्य."

मामांचा चेहरा उतरला. सुळक्यांमुळे नव्हे. आपली बाटली खराब निघाली, या लाजेने. "जुनी पूड होती ताई. सहा वर्षांची. नासली असेल. फेकून द्या नमुने, मी परत आणतो."

"पूड नासली तर पिल्लं येतात कुठून?" ताईने विचारलं. मामांचाच शब्द तिने दोन महिन्यांत उचलला होता. "डबीत जन्मली?"

गुरुवारी ताईने आंबट पुडीची नवी सीलबंद बाटली फोडली, साठ्यातून निळ्या झाकणाची एक डबी घेतली, सुट्टे पैसे मोजावेत तसे दोन पुडींचे सारखे ढीग केले, आणि मामा शेवटच्या गल्लीतल्या त्याच नळाच्या दोन बाटल्या घेऊन आले. दोन्ही जणी पाच मिनिटांचं पाणी सोडून, बुडबुड्याविना, जुळ्या बहिणींसारख्या. पूड मात्र प्रयोगशाळेत, ताईच्या टेबलावर घातली. एकीत आंबट. एकीत निळ्या झाकणाची. मग दोघींतून दर तासाला थोडं थोडं पाणी मशीनला पाजलं.

मामा स्टुलावर बसून राहिले. आंबट बाटलीतले सुळके पहिल्या तासाला होते तसेच चौथ्या तासाला. दुसरीतले पहिल्या तासाला अर्धे झाले. दुसऱ्या तासाला नुसते उंचवटे. चौथ्या तासाला रेघ सपाट. मामांनी भरलेली बाटली मशीनवर चढायला रोज किमान चार तास लागत.

"ही सल्फाइटची पूड आहे," ताई हळू आवाजात म्हणाली. "क्लोरीनला गप्प करते हे खरं. पण तेवढ्यावर थांबत नाही. नायट्रिलांच्या अंगावरचं क्लोरीनही ओढून काढते. मग ती नायट्रिलं राहतच नाहीत. आंबट पूड त्यांना हात लावत नाही, उलट आंबट पाण्यात ती टिकतात. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय मामा, या घराण्यासाठी सल्फाइट वापरू नका."

"म्हणजे माझे साक्षीदार..."

"वाटेतच साक्ष फिरवत होते."

मामांनी निळ्या झाकणाची डबी उचलून उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "साडूभाऊंना माहीत नसेल." केंद्राच्या आत असूनही ते 'साहेब' म्हणायला विसरले. "त्यांना सांगायला हवं. बिचारा हबकेल."

हबकलेल्या साडूला धीर द्यायचा म्हणून मामा त्याच संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर थेट त्याच्या घरी गेले. दार मेहुणीने उघडलं. "या भाऊजी. हे आंघोळीला गेलेत. गुडघ्याला काय झालं हो?" असं म्हणत तिने पाणी आणलं. मामांनी सवयीने पेला दिव्याकडे धरला आणि प्यायले. केंद्रातल्या पाण्याची चव त्यांना झोपेतही ओळखता आली असती. ही ती नव्हती. क्लोरीनचा मागमूसही नव्हता.

"विहिरीचं?"

"छे, मशीनचं. ओट्याखाली आहे ना. कोळशाची नळकांडी घातलेलं. तुम्हाला कधी कुणी दाखवलं नाही?"

"नाही. कधी घेतलं?"

"झाली की सहा वर्षं. यांनीच हट्टाने आणलं. मी म्हटलं कशाला, आपल्या केंद्राचं पाणी एवढं छान, भाऊजी सांगतात. तर म्हणाले, असू दे, चव बरी लागते."

सहा वर्षं. मामांनी पेला खाली ठेवला. कुणीतरी अगदी मायेने, डोक्यावरून हात फिरवत, केसाने गळा कापत होतं, आणि आपण मान पुढे करून बसलो होतो.

साडूभाऊ टॉवेलने केस पुसत बाहेर आले. मामांच्या तोंडाकडे आणि पेल्याकडे बघून त्यांनी बायकोला चहा टाकायला आत पाठवलं.

"दादा, मी एकदाही खोटा आकडा लिहिलेला नाही," ते आपणहूनच म्हणाले. "मशीनने जे दाखवलं तेच लिहिलं. शपथेवर."

"आणि मशीनला काय दाखवायचं ते कुणी ठरवलं?"

साडूभाऊ खुर्चीत बसले. पहिल्या वर्षी आकडा आला तेव्हा ते तीन रात्री झोपले नव्हते, म्हणाले. वर सांगितलं तर वरून विचारलं, मोजायची पद्धत बरोबर आहे ना, पुन्हा बघा. ते पुन्हा बघा कशा अर्थाचं होतं ते त्यांना कळलं. नवी गाळणी यायची होती, यायची होती, आलीच नाही. "आणि तुम्ही जाणताच, ती नायट्रिलं पाइपातही आपोआप मोडतातच की. आपण जरा लवकर मोडली. बाटलीत."

"बाटलीत मोडली. बाईच्या मोरीत कोण मोडणार होतं?"

"दादा, पूड तर तुमच्याच हातची होती." हे साडूभाऊ आवाज न चढवता बोलले, आणि म्हणूनच ते मामांना मुस्काटात बसल्यासारखं लागलं. "मी दुसऱ्या कुणाला डबी दिली असती तर शंभर प्रश्न विचारले असते. तुम्ही विचारणार नाही, माहीत होतं. आणि तुमची सही असली की बाहेरचंही कुणी विचारत नाही. मामांनी घेतलाय ना नमुना, मग झालं. मी तरी काय करणार होतो?"

म्हणजे निवड झाली होती ती प्रामाणिक म्हणून. वीस वर्षांपूर्वी मामांनी ज्या कारणासाठी हा माणूस घरात आणला, त्याच कारणासाठी या माणसाने मामांना पेटीसकट वापरलं होतं. आणि सभेत मामा पेला पीत होते तेव्हा हा माणूस शेजारच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता.

"उद्या शुक्रवार. वर्षाचा अहवाल जायचाय," साडूभाऊ म्हणाले. "सही करा. ताईशी मी बोलतो. पुढच्या वर्षी गाळणी नक्की येतेय. हेही सगळं आपोआप मोडून जाईल बघा."

आतून मेहुणीने विचारलं, "भाऊजी, साखर कमीच ना?"

मामा उठले. गुडघा दुखत होता म्हणून खुर्चीचा हात धरून, सावकाश.

"मोडतं म्हणजे नाहीसं होत नाही, साहेब," ते म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत. त्याचं दुसरं काहीतरी होतं."

घरात त्यांनी साडूला 'साहेब' म्हणायची ही पहिली वेळ. चहा न घेता गेल्याबद्दल मेहुणी पुढे महिनाभर बहिणीकडे कुरकुरत होती.

नमुन्यांच्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. अठ्ठावीस वर्षांत मामांनी तो कोरा ठेवला होता, कारण लिहिण्याजोगं काही घडतच नव्हतं. शुक्रवारी त्यांनी तो भरला. ताईने काढलेले दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, पुढे 'आंबट पूड' आणि 'निळ्या झाकणाची पूड', आणि त्याखाली, 'सहा वर्षे सर्व नमुन्यांत निळ्या झाकणाची पूड मी घातली.' एवढं लिहून खाली सही केली. वर्षाच्या अहवालावर केली नाही. ताईने तक्त्याच्या तीन प्रती काढल्या. एक वरच्या कार्यालयात, एक नगरपालिकेत, आणि एक घडी घालून मामांच्या खिशात.

शुक्रवार हा काही शेवटच्या गल्लीचा दिवस नव्हता. शिवणवाली बाई दारात बघून म्हणाली, "मामा, वार चुकला का? की पुन्हा पडायला आलात?"

मामांनी खिशातला कागद काढून मशीनच्या फळीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. शेवाळापासून साडूपर्यंत. मध्ये कुठेही बोट वर केलं नाही, तरी बाई मध्ये बोलली नाही. तिचा पाय मशीनच्या पॅडलवर तसाच होता, फक्त हलत नव्हता.

"तुम्ही पिऊन दाखवलं होतंत," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुम्हालाही फसवलं."

मामांना वाटलं, इथे थांबावं. एवढ्यावर माणसाला बसायला खुर्ची मिळते, कदाचित चहाही.

"हो. पण पूड मीच घालत होतो."

बाई उठली. बाहेर जाऊन तिने जाईचा वेल बुंध्याशी धरला आणि कॅनमधून मातीसकट उपसला. तीन वर्षांची मुळं, कॅनचा आकार घेऊन घट्ट बसलेली. तो गड्डा तिने कुंपणापाशी नीट टेकवून ठेवला आणि कापलेल्या तोंडाचा कॅन उचलून बघितला.

"हा आता पाण्याचा नाही राहिला. नवा बघावा लागेल."

"तोवर मी विहिरीवरून आणून देतो. स्कूटर आहे."

"नको. माझं मी आणीन. तुम्ही आता हातात काही दिलंत तर मला आधी विचारावं लागेल, यात काय घातलंय." हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

मामा पेटी उचलून निघाले. पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला.

"मंगळवारी यायचं थांबवू नका."

"येतो."

"पिऊन दाखवायचं नाही. आकडा आणायचा. माझ्या हातात, कागदावर."

मामा मंगळवारी गेले. नळ सोडला, घड्याळाकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं बाई मोरीच्या दाराला टेकून त्यांच्या हातांकडे बघत होती. गेल्या सगळ्या वर्षांत ती या वेळेला जाईच्या कळ्या दाखवत असे. पाच मिनिटं झाली. मामांनी चमचा डबीत घातला.

"थांबा," बाई म्हणाली. "दाखवा आधी."

मामांनी डबी पुढे केली. बाईने बोटाचं टोक पुडीत बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे."

"हो," मामा म्हणाले. "आंबटच हवी."

बाईने मान हलवली. मग मामांनी पूड बाटलीत घातली.